मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून मोकळी होते: मला गोड गाता येत नाही. माझ्या अंगावर सात गाणी आहेत आणि सातही ऐकून माणसं कानांवर हात ठेवतात. काही जण तर घाईघाईनं सुई उचलतात आणि प्लेअरच्या मागे वाकून बघतात, एखादी वायर सुटली नाही ना म्हणून. वायर जागच्या जागी असते. मी अशीच आहे. याचं वाईट वाटायचं तेव्हा वाटून गेलं. आता वय झालं, आता मी कुणाची मनधरणी करत बसत नाही.

मला जन्म दिला तिघांनी. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक फरशा बसवणारा आणि एक कुलूपवाला. लिफ्टवाला गिटार वाजवायचा, फरशीवाला ड्रम बडवायचा आणि कुलूपवाला गायचा. आता गायचा म्हणजे काय, किंचाळायचाच. पण काय किंचाळायचा! बारीक, उंच, उकळत्या किटलीच्या शिट्टीसारखा आवाज. लोकांना वाटतं, असं ओरडणारी माणसं आतून संतापलेली असणार. छे हो! हा कुलूपवाला इतका मवाळ, की अडकलेलं कुलूप उघडतानाही त्याच्याशी गोड बोलायचा. "जरा ऐक ना माझं," असं म्हणत तार आत सरकवायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या दारांशी वाकून काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी ताठ उभं राहून मनसोक्त ओरडायचं, एवढीच त्याची चैन होती.

फरशीवाल्याच्या गोदामात दोन दुपारी बसून त्यांनी मला टेपवर घेतलं. गोदामात फरशांचे गठ्ठे छातीइतके उंच होते. आवाज त्यांच्यावर आपटून परत यायचा, त्यात नवा आवाज मिसळायचा, आणि असं करता करता तिघांचे तेरा झाल्यासारखे वाटायचे. बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'ओलं सिमेंट'. नाव ऐकून कुलूपवाल्याच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला म्हणे.

मग कारखाना आला. तिथे मी काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा होते. वरून एक साचा, खालून एक साचा, मध्ये वाफ, आणि एका दाबात मी ताटाएवढी सपाट झाले. कडेचं जास्तीचं प्लास्टिक कापलं गेलं आणि मी आणि माझ्या बहिणी, अशा दोनशे जणी तयार झालो. तिथे तबकड्या तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्या वीस-वीस तबकड्यांनंतर एक लावून ऐकायच्या. माझी पहिली बहीण लावली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी मशीन थांबवलं. दुसरी लावली, पुन्हा मशीन थांबवलं. शेवटी लिफ्टवाल्याला फोन केला. "अहो, साचा खराब झालाय, नुसती खरखर येतेय!" तिकडून तो शांतपणे म्हणाला, "किती वेळ येतेय?" बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून शेवटपर्यंत!" "मग बरोबर आहे," तो म्हणाला.

आता माझ्या आयुष्यातली मोठी चूक सांगते. नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. माझ्या आकाराच्या तबकड्या सहसा मिनिटाला तेहेतीस फेऱ्या घेतात. मी मात्र अंगानं मोठी असूनही पंचेचाळीसची. त्यानं आवाज जास्त धारदार येतो, असं लिफ्टवाल्याचं म्हणणं. हा वेग तबकडीच्या मधल्या गोल कागदावर छापायचा असतो. पण या तिघांनी कागद कोरेच आणले आणि त्यांवर बँडच्या नावाचा रबरी शिक्का मारला. वेग सांगण्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या काढल्या: 'पंचेचाळीसवर वाजवा.' तबकड्या दोनशे, आणि चिठ्ठ्या निघाल्या दीडशे. कव्हरात चिठ्ठ्या घालता घालता त्या संपल्या. "पुन्हा काढून आणू का?" कुलूपवाल्यानं विचारलं. "कशाला रे?" फरशीवाला म्हणाला. "चुकीच्या वेगावर लावली तर कुणालाही लगेच कळेल की!" ज्यानं ते ड्रम स्वतः वाजवले होते, त्याला ते कळलं असतं. बाकी कुणाला कसं कळणार, हा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. चिठ्ठी न मिळालेल्या पन्नास जणींत मी होते.

पुढची सहा वर्षं मी एका दुकानात टेबलाखालच्या खोक्यात काढली. दोनदा विकली गेले आणि दोन्ही वेळा परत आले. एकानं सांगितलं, तबकडी खराब आहे. दुसऱ्यानं काही सांगितलंच नाही, नुसतं मला टेबलावर ठेवलं आणि कानात बोट घालून हलवत निघून गेला. माझ्यावर धूळ बसली. शेजारच्या गोड गाण्यांच्या तबकड्या येत होत्या, जात होत्या, आणि मला कुणी हात लावत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला स्वतःचीच लाज वाटायची.

मग एक दिवस चष्मेवाले आले. ते डोळ्यांचे नंबर काढायचे आणि चष्म्याच्या काचा घासून द्यायचे. दुकानदार म्हणाला, "ही नका नेऊ, परत आणाल." चष्मेवाल्यांनी मला उजेडात तिरपी धरली, फुंकर मारली आणि म्हणाले, "दोघांनी परत केलीय? मग तर नेतोच."

मित्रांनो, ऐकणं म्हणजे काय ते मला त्या घरात कळलं. पहिल्या दिवशी त्यांना माझ्यात गोंगाटाखेरीज काही सापडलं नाही. पण म्हणून त्यांनी मला बाजूला टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ड्रमबरोबर चालायला लागली. महिन्याभरात त्यांना कळलं की गिटारच्या ज्या एका आवाजाला आपण भिंत समजत होतो, ते दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी भांडतायत. "आधी सगळं अंधुक दिसतं," ते म्हणायचे, "मग नजर बसते." चष्मा काढून, डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्याकडे अशाच तीनशे तबकड्या होत्या, कुणाला ठाऊक नसलेल्या, कुणी न मागितलेल्या. त्या सगळ्यांत मी त्यांची लाडकी झाले.

पण मला तेहेतीसवर लावायचे हो ते! चिठ्ठी नव्हती, मोठी तबकडी दिसली, कळ तेहेतीसवर ठेवली, संपलं. माझी अकरा मिनिटांची बाजू पंधरा मिनिटं चालायची. ड्रम जड पावलं टाकायचे. कुलूपवाल्याचा बारीक आवाज एखाद्या राक्षसाच्या घोगऱ्या गुरगुरीसारखा यायचा. आणि चष्मेवाले त्यावरच फिदा! खरं सांगू? आपण जे नाही त्याचं कौतुक ऐकताना आधी अवघडल्यासारखं होतं, पण नंतर सवय लागते. मलाही लागली.

घरात त्यांची थोरली बहीण होती. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. माझ्यावर त्यांचा मुळीच जीव नव्हता. "हे गाणं आहे की भांड्यांची मारामारी?" असं म्हणत त्या दार लोटून घ्यायच्या. एकदा मात्र दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा माणूस झोपेत बोलल्यासारखा का बोलतोय? तुझ्या मशीनचा वेग बरा आहे ना?" चष्मेवाले हसले. "ताई, तुला यातलं कळायचं नाही. हे संगीत असंच असतं." ताईंनी नाक मुरडलं आणि विषय तिथेच मिटला.

चष्मेवाले एक छोटं मासिक काढायचे. स्वतः लिहायचे, झेरॉक्स काढायचे, पिना मारायचे आणि चाळीस-एक लोकांना पोस्टानं पाठवायचे. त्यात त्यांनी माझ्यावर चार पानं लिहिली. 'इतकी संथ, इतकी जड तबकडी मी आजवर ऐकलेली नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, गिटारची गुणगुण मावळताना एक खोल हुंकार येतो, तो ऐकून अंगावर काटा येतो.' असं बरंच काही. अशी सोळा वर्षं गेली आणि एक दिवस पत्र आलं.

पत्र पोहायला शिकवणाऱ्या एका मुलीचं होतं. चष्मेवाल्यांनी ते ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तुमच्या मासिकाचा जुना अंक मला सापडला. ओलं सिमेंटमध्ये गायचे ते माझे बाबा. मी दहा महिन्यांची असताना त्यांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. त्यांचा आवाज मला आठवणं शक्यच नाही. घरात एकही टेप नाही. फरशीवाल्या काकांची तबकडी ओल लागून गेली, लिफ्टवाल्या काकांची कुणीतरी नेली ती परत दिली नाही, आणि बाबांनी त्यांच्या वाटणीच्या सगळ्या भंगारात घातल्या. तुमची एकदा ऐकायला मिळेल का?'

वाचून झालं. मग ताई उठल्या आणि म्हणाल्या, "रविवारी बोलाव. आणि ती खोली आधी झाडून घे."

रविवारी दुपारी बाप-लेक आले. कुलूपवाल्याला मी बावीस वर्षांनी पाहत होते. केस पिकले होते, गळ्याभोवती पातळ रुमाल होता. त्यानं खिशातून बॅटरीचं एक छोटं यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं, ओठ हलवले, आणि "नमस्कार" असा सपाट, गुणगुणता आवाज आला. मुलगी याच आवाजात अंगाई ऐकत, बोलणी खात लहानाची मोठी झाली होती.

तो मनापासून आला नव्हता, हे त्याच्या बसण्यावरूनच दिसत होतं. खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. मुलगी ताईंना हळूच म्हणाली, "मी तीन आठवडे मागे लागले होते, तेव्हा कुठे बाबा आले. सारखे म्हणतात, गेलं ते गेलं." पोरीनं एकदा तो जुना आवाज ऐकला, की हा यंत्राचा आवाज तिला कायमचा ओकाबोका वाटेल, याची त्याला भीती होती. भंगारात टाकलेल्या गोष्टीपुढे आता आपण कमी पडू, असं त्याला वाटत होतं.

चष्मेवाल्यांना यातलं काही दिसेना. सोळा वर्षांचे प्रश्न साठले होते बिचाऱ्यांचे! "एक विचारू? इतकं संथ वाजवायचं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"संथ?" यंत्र गुणगुणलं.

"हो ना! काय तो धीर, काय ते वजन! थांबा, लावतोच." त्यांनी मला हलक्या हातानं पुसलं आणि सुई टेकवली.

पहिल्या दोन ठोक्यांतच कुलूपवाल्याला सगळं समजलं. त्याचे डोळे कळीकडे गेले, मग चष्मेवाल्यांकडे गेले. चष्मेवाले चष्मा काढून, डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा चेहरा इतका सुखात होता की बघवत नव्हतं. कुलूपवाल्यानं यंत्र गळ्याजवळ नेलं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. एका माणसाचं मन मोडायला नको म्हणून तो गप्प बसला, हे खरं. पण त्याची सुटकाही झाली होती, हेही तितकंच खरं. असा राक्षस ऐकून पोरगी घरी गेली तर काही बिघडणार नव्हतं.

मुलगी स्पीकरसमोर जमिनीवर बसली होती. तिनं एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली. आधी पुढे झुकलेली होती, मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. दुसरी बाजू संपत आली तेव्हा तिनं मागे वळून विचारलं, "बाबा, हा तुमचा आवाज?"

त्यानं मान डोलावली.

"छान आहे," ती म्हणाली. मग तिच्यानं राहवेना. "पण आई तर म्हणते तुमचा आवाज बारीक होता. बायका चिडवायच्या तुम्हाला, असं म्हणते."

"आईचं बरोबर आहे," ताई दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. "बत्तीस वर्षं मी तारांवरचे आवाज ऐकलेत. घोगरा आवाज वेगळा आणि दमून गेलेला आवाज वेगळा. हा आवाज रेटून हळू केलेला आहे. मी याला सोळा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पण ऐकतो कोण?"

मुलगी बापाकडे बघत राहिली. रागानं नाही, नुसती वाट बघत होती ती. मी तर अजून फिरतच होते, आणि मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं! तोंड नव्हतं. कुलूपवाल्यालाच उठावं लागलं. तो प्लेअरपाशी आला, सुई उचलली, एका बोटानं कळ पंचेचाळीसवर सरकवली आणि सुई शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला टेकवली. कुलूप उघडताना जितक्या हलक्या हातानं तो तार फिरवायचा, तितक्याच हलक्या हातानं.

मी धावायला लागले! बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या वेगानं. ड्रम धडाधड कोसळले, गिटार कडाडली, आणि त्या सगळ्याच्या वर तो आवाज चढला; बारीक, लखलखीत, तरुण. चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. मुलीनं तोंडावर हात घेतला.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "हा तर हुबेहूब तुझा आवाज आहे."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती स्पीकरला जवळजवळ चिकटली होती. शेवटचं गाणं संपलं, गिटारची गुणगुण उरली. टेप बंद करायला लिफ्टवाला तेव्हा विसरला होता, आणि त्या गुणगुणीत, गोदामाच्या दारापाशी उभं राहून, किंचाळणं संपवलेला एक माणूस आपल्या साध्या, रोजच्या आवाजात बोलत होता. दुरून, घाईघाईत. "झालं ना रे? मग मी सुटतो. पोरगी उठली असेल."

सुई आतल्या कडेला जाऊन टकटक करायला लागली. ती उचलायचंही कुणाला सुचलं नाही. मुलगी रडत होती, आणि रडताना हसतही होती. कुलूपवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता. हे शब्द टेपवर आलेत, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यानंही मला दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत कधी ऐकलं नव्हतं.

चष्मेवाल्यांची अवस्था बघवत नव्हती. उभ्या आयुष्यात कुणाला पाव नंबरनं चुकीचा चष्मा दिला नाही त्यांनी, आणि सोळा वर्षं मला चुकीच्या नंबरावर फिरवलं. "मी चार पानं लिहिली," ते पुटपुटले. "चाळीस लोकांना पाठवली. हुंकार म्हटलं मी त्याला." ताईंनी चक्क टोमणा गिळला आणि चहा टाकायला गेल्या.

कुलूपवाला त्यांच्याजवळ आला. यंत्र गळ्याला लावून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुमचा. वेग. जास्त. चांगला. आहे." चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. "खरंच. आम्ही. फार. घाई. केली." दोघंही हसले. मला मात्र अजून ठरवता आलेलं नाही की तो खरं बोलत होता की समजूत घालत होता. पुढच्या अंकात चष्मेवाल्यांनी दुरुस्ती छापली: एका ओळीत चुकीची कबुली, आणि दोन्ही वेगांवर नवी सहा पानं.

त्या रविवारी तर चष्मेवाले मला त्या मुलीला देऊनच टाकायला निघाले होते. कव्हरात घालून, दोन्ही हातांनी पुढे केलं. तिनं घेतलं नाही. "आमच्याकडे प्लेअर नाही. आणि घरी नेलं तर बाबा पुन्हा भंगारात घालतील," ती म्हणाली. बापानं कान पकडले. ती हसून पुढे म्हणाली, "इथेच राहू दे. आम्ही येत जाऊ."

त्या दिवशी तिनं शेवटचा तुकडा नऊ वेळा ऐकला. निघताना बाप चपला घालत होता, तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "बाबा, मग मी उठले होते का?"

त्यानं यंत्र गळ्याला टेकवलं. तोच सपाट, गुणगुणता आवाज आला, आणि पोरगी असं कान देऊन ऐकत होती, जणू याहून चांगला आवाज तिनं आजवर ऐकलेला नव्हता.

"नाही गं. गाढ झोपली होतीस. मीच शेजारी बसून राहिलो, तू उठेपर्यंत."

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. आम्हा जुन्या तबकड्यांना उभं ठेवा, एकीवर एक रचू नका, आम्ही वाकतो. कडेला धरा, कोरड्या फडक्यानं पुसा. आणि एखादी कानाला कितीही टोचली तरी सुई मध्येच उचलू नका. तिला तिच्या वेगानं एकदा शेवटपर्यंत फिरू द्या. आत कोण कुणाच्या ओढीनं घरी निघालेलं असेल, ते बाहेरून कळत नाही.